पंचगंगेच्या काठाकाठानं सायकल मारायची असेल तर

कोल्हापुरात नवीन सायकल घेतली की बहुतेक जण पहिल्याच रविवारी पन्हाळा नाहीतर जोतिबा गाठायला निघतात, वाघबीळच्या चढाला दम निघतो, मांड्या भरून येतात आणि मग ती तीस-चाळीस हजाराची सायकल गॅलरीत कपडे वाळत घालायला कामाला येते. हे मी कितीतरी घरांत बघितलंय आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण आपल्या गावाला डोंगर जेवढा जवळ तेवढीच नदी पण जवळ आहे, आणि नदीकाठचे रस्ते इतके सपाट, इतके शांत आहेत की पन्नाशीतला माणूस, शाळेतली पोरगी, कालपर्यंत सायकलला हात न लावलेला कुणीपण तिथं आरामात वीस-पंचवीस किलोमीटर मारू शकतो. हे त्यांच्यासाठीच लिहितोय.

सुरुवातीला एक गोष्ट डोक्यात बसवा, नकाशा बघायची निम्मी गरज संपते. आपल्या नद्या सगळ्या सह्याद्रीतनं निघतात आणि पूर्वेला येतात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ह्या चार, आणि पाचवी सरस्वती गुप्त मानतात, म्हणून पंचगंगा. प्रयाग चिखलीपर्यंत ह्या सगळ्या एकत्र होतात आणि तिथनं पुढं पंचगंगा म्हणून कोल्हापूर, रुकडी, इचलकरंजी करत नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. दोन नद्यांच्या मधे डोंगराची एकेक सोंड खाली उतरलेली आहे. म्हणजे नदी धरून गेलात तर रस्ता सपाट, आणि एका खोऱ्यातनं दुसऱ्या खोऱ्यात घुसायचं म्हणलं की चढ आलाच. त्यामुळं रूट ठरवताना गावांची नावं बघू नका, कुठल्या नदीच्या कडेनं जातोय ते बघा.

दुसरी गोष्ट वारा. ह्याचा विचार नवीन माणूस करतच नाही. फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत आपल्याकडं दहा-अकरा नंतर पश्चिमेचा वारा सुटतो, आणि ऊस तुटून रानं मोकळी झाली की त्याला अडवायला काही नसतं. सपाट रस्त्यावर तोंडावरचा वारा चढापेक्षा वाईट, कारण चढ संपतो, वारा संपत नाही. म्हणून सकाळी वारा पडलेला असताना पश्चिमेला जायचं, म्हणजे चिखली, कसबा बीड, हळदी, कळे ह्या बाजूला, आणि येताना पाठीवर वारा घेऊन यायचं. नरसोबावाडीचा रूट बरोबर उलटा आहे, त्याचं शेवटी सांगतो.

आता रूट. अगदी पहिल्यांदा जाणाऱ्यानं प्रयाग चिखलीला जावं. पंचगंगा घाटावरनं निघायचं, शिवाजी पूल ओलांडायचा, रत्नागिरी रोडला आंबेवाडी लागते, तिथनं डावीकडं चिखली. घाटापासनं सहा-सात किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन तासाभराचं काम, वाटेत थांबून पाणी पिऊन सुद्धा. हायवेचा जो तुकडा आहे तेवढाच जपायचा, तिथं रत्नागिरीकडनं येणारे ट्रक असतात, पण एकदा आत वळलात की दोन्हीकडं ऊस आणि डोक्यावर बगळे. संगमावर गेलात की घाटाच्या पायऱ्यांवर पाच मिनिटं नुसतं बसा, दोन्हीकडनं येणारं पाणी एकत्र होताना बघत. संक्रांतीच्या दिवसांत तिथं स्नानाला गर्दी असते, तेव्हा सायकल गावातच कुणाच्या तरी दारात लावून चालत जावं. दम शिल्लक असेल तर चिखलीतनं वरणगे, पाडळी, यवलूज असं कासारीच्या कडेनं पुढं जाता येतं, रस्ता अरुंद आहे खरं गाड्या कमी.

दुसरा, आणि माझा सगळ्यात आवडता, म्हणजे बावड्याचा गोल. कसबा बावड्यातनं शियेच्या पुलावरनं पलीकडं जायचं, शिये, भुये, निगवे दुमाला, वडणगे आणि शिवाजी पुलावरनं परत शहरात. वीसेक किलोमीटर होतं. ह्यात गंमत अशी की आलेल्या रस्त्यानं परत जायचं नाही, नदीच्या एका काठानं निघून दुसऱ्या काठानं घरी. नवीन माणसाला ह्याचं फार बळ मिळतं, कारण आपण कुठंतरी 'फिरून आलो' असं वाटतं. निगव्याच्या बाजूला सकाळी साडेसहा-सातला गेलात तर दुधाचे कॅन गाडीला अडकवून डेअरीकडं निघालेली माणसं, नदीवर निघालेल्या म्हशी, आणि हिवाळ्यात उसाच्या शेंड्यांवर धुक्याचा थर. म्हशी रस्त्यावर आल्या की बेल वाजवू नका, त्या बिथरतात. थांबा, एक पाय खाली टेका, जाऊ द्या. मागनं येणारा माणूस हमखास विचारतो, "काय पाव्हणं, कुठलं?" तिथंच ओळख होते, पुढच्या वेळी तोच माणूस लांबनं हात करतो.

शाळकरी पोरं बरोबर असतील तर हाच गोल उलट्या बाजूनं करू नका. वडणग्याकडनं सुरुवात केली तर शेवटी बावड्याची गर्दी दहा वाजता अंगावर येते, आणि तोपर्यंत पोरं दमलेली असतात.

तिसरा भोगावतीचा. इथं दोन वाटा आहेत. एक रंकाळ्यावरनं राधानगरी रोडनं पुईखडी, वाशी, कांडगाव, हळदी. पुईखडीला थोडा चढ आहे, तो एवढाच, नंतर उतार आणि सपाट. रस्ता मोठा आहे पण ह्याच रस्त्यानं फोंडा घाटातनं कोकणात जाणारी वाहतूक असते, त्यामुळं रविवारी सकाळी आठच्या आत हळदी गाठून परत फिरावं असं माझं मत आहे. दुसरी वाट मला जास्त आवडते, फुलेवाडीतनं बालिंगा आणि तिथनं आत पाडळी खुर्द, कोगे, महे, कसबा बीड. बीडला तुळशी भोगावतीला मिळते. आजचं बीड लहान गाव वाटतं, खरं हे शिलाहारांच्या काळातलं मोठं ठिकाण, गावात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, इतके आहेत की घराच्या भिंतीला, देवळाच्या कडेला, झाडाखाली उभे दिसतात. पावसाळ्यात मातीतनं सोन्याचे बारके तुकडे सापडतात अशी ह्या गावाची ख्याती आहे. सायकल लावून गावातनं अर्धा तास चालत फिरा. वीरगळाची शिल्पं खालनं वर वाचायची असतात, खाली लढाई, मधे अप्सरा वीराला वर घेऊन चालल्यात, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. एकदा हे कळलं की पुढं कुठल्यापण गावात दगड दिसला की पाय आपोआप खाली येतो.

गगनबावडा रोड पण नदीचाच आहे, कळ्यापर्यंत मस्त सपाट. फक्त कुडित्र्याच्या साखर कारखान्याचा सीझन चालू असताना तिकडं जायचं टाळा.

सीझनचं नीट समजून घ्या, कारण आपल्याकडं सायकलचं कॅलेंडर ऊस आणि पाऊस हे दोघं मिळून ठरवतात. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे धुराडे पेटतात ते मार्चपर्यंत. नेमकी हवा पण ह्याच काळात चांगली. म्हणजे थंडीची मजा घ्यायची तर उसाच्या गाड्यांबरोबर रस्ता वाटून घ्यावा लागणार. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात, मागची ट्रॉली वळणावर आत कापते, त्यामुळं ट्रॅक्टरच्या आतल्या बाजूनं कधी घुसू नका. समोरनं येत असेल तर सरळ साइडपट्टीवर उतरून थांबा. कितीतरी ट्रॉल्यांना मागं लाइट नसतो, रिफ्लेक्टर नसतो, म्हणून अंधारात सायकल मारायचीच नाही, उजाडल्यावर निघायचं आणि तरीपण टेल लाइट चालू ठेवायचा. बैलगाडी दिसली तर लांबनं आवाज द्या, "मामा, येतोय हं", बैल आणि मामा दोघांना कळतं. रस्त्यावर सांडलेला ऊस आणि वाळलेला पाला हा पण त्रास आहे, पाल्यावर दव पडलेलं असताना ब्रेक दाबला तर चाक सरकतं.

पावसाळ्यात जुलै-ऑगस्टचे दोन महिने नदीकाठ विसरा. पेपरात रोज येतं, राजाराम बंधाऱ्यावर पाणीपातळी एवढी, इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. लोकांना वाटतं अजून ३९ व्हायची आहे म्हणजे आपण जाऊ शकतो. तसं नाही. त्याच्या कितीतरी आधी बंधारे पाण्याखाली जातात, आणि आतले रस्ते त्याच्या मागोमाग. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावती चढते आणि ते पाणी काही तासांत कोल्हापुरात येतं, वर आकाश निरभ्र असलं तरी. रेडेडोह फुटला, म्हणजे पुराचं पाणी तिथनं बाहेर पडून रस्त्यावर आलं, की पन्हाळा रोडच बंद. २०१९ आणि २०२१ ला चिखली-आंबेवाडीचं काय झालं ते आपण बघितलंय, ज्या रस्त्यावरनं आपण हिवाळ्यात सायकल मारतो तिथनं बोटी फिरत होत्या. तेव्हा पुराच्या दिवसांत फोटो काढायला म्हणून पण सायकल घेऊन तिकडं जाऊ नका, त्या गावांना तेव्हा वेगळी कामं असतात.

बंधाऱ्याचं जरा सविस्तर लिहितो, कारण काठाकाठानं फिरायचं खरं सुख बंधाऱ्यामुळं आहे. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' हे नाव महाराष्ट्रभर चालतं, आणि आपल्या नद्यांवर ते जागोजागी आहेत, कोग्याला दोन, हळदी, राशिवडे, पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, तेरवाड, शिरोळ. दगडी खांब, खांबांना खाचा, त्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवायचे आणि पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी बरगे काढायचे म्हणजे पूर मोकळा जातो. खांबांवरनं अरुंद वाट असते, तिथनं सायकल, मोटरसायकल पलीकडं जाते. पुलाला आठ-दहा किलोमीटरचा वळसा असेल तिथं बंधाऱ्यावरनं दोन मिनिटांत पार. म्हणून दसरा-दिवाळीनंतर, पाणी उतरल्यावर आणि बरगे बसल्यावर ह्या वाटा वापरायच्या.

मात्र ऑक्टोबरच्या सुरुवातीला लई जपून. एकदा पाणी नुकतंच उतरलेलं, बंधारा वरनं कोरडा ठणठणीत दिसत होता, मी सायकलवरनं न उतरता तसाच घातला. मधोमध गाळाचा पातळ थर होता, वरनं वाळून पांढरा झालेला आणि खाली ओला. पुढचं चाक जे सरकलं ते कळायच्या आत मी आडवा, हँडल बंधाऱ्याच्या बाहेर, खाली पाणी. कठडा नव्हता. कोपर सोलपटलं, बाकी काही झालं नाही, पण पलीकडं पाय धुत बसलेल्या आजोबांनी जे सांगितलं ते आजपर्यंत पाळतोय. "जातंय की पलीकडं, खरं सायकल हातात धरून जावा. बंधारा हाय, रस्ता न्हवं." तेव्हापासनं कुठलापण बंधारा असू दे, कितीपण कोरडा, उतरून चालत जायचं. पोरं बरोबर असतील तर एकेकानं, आणि मोठ्यानं मागं राहायचं. पाणी वरनं एक बोटभर जरी वाहत असलं तरी परत फिरायचं, शेवाळावर चप्पल टिकत नाही तिथं टायर काय टिकणार.

सायकलचं सामान. ह्या रस्त्यांना एकदम बारीक टायरची रेसिंग सायकल नको, २८ किंवा ३२ मिलिमीटरचं टायर असलेली रोड बाइक किंवा साधी हायब्रिड सगळ्यात चांगली. २८ ला मी ७५-८० पीएसआय हवा ठेवतो, ३२ ला साठच्या आसपास, त्यापेक्षा जास्त ठासून भरली तर गावातल्या खडबडीत रस्त्यावर हात बधिर होतात. गिअरची सायकल नसली तरी चालतं, खरंच चालतं, माझे काका साध्या काळ्या सायकलवर हा बावड्याचा गोल आमच्या बरोबरीनं मारतात.

पंक्चरचं मात्र शिकूनच निघा. नोव्हेंबरनंतर रस्त्याच्या कडेचं गवत वाळतं आणि सराटे टायरला लागतात. सराटा दिसायला हरभऱ्याएवढा, पण त्याला काटे असे असतात की कसापण पडला तरी एक काटा वर. साइडपट्टीवर गवतात उतरून थांबलात, फोटो काढला, परत चढलात, आणि अर्ध्या किलोमीटरवर चाक बसलं, ही नेहमीची गोष्ट. म्हणून थांबायचं तर डांबरावर कडेला किंवा कुणाच्या अंगणात थांबा, आणि गवतात चाक गेलंच तर लगेच चाक उचलून हातानं फिरवून बघा, सराटा नुसता चिकटलेला असताना निघतो, एक फेरा फिरला की ट्यूबमधे. ट्यूब बदलताना नवीन ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतनं बोट फिरवायचं, हळूच, कारण सराट्याचा मोडलेला काटा आतच राहतो आणि नवीन ट्यूब पण पाच मिनिटांत जाते. एक सोडून दोन ट्यूब, पंप, दोन लिव्हर, आणि हातमोजे नसतील तर एक जुनं फडकं. गावात पंक्चरचं दुकान असतं, पण बारीक व्हॉल्व्हच्या ट्यूबला त्यांच्याकडची हवा बसत नाही, तेव्हा बारकं अ‍ॅडॅप्टर पाकिटात ठेवा.

खायचं काय? एनर्जी जेल वगैरे काही लागत नाही. ज्या गावात गूळ पिकतो तिथं तुम्ही सायकल मारताय. सीझनमधे चिखली-वडणग्याच्या बाजूला गुऱ्हाळ चालू असतं, लांबनंच वास येतो. आत गेलात तर चुलवाणात चिपाड सारणारा माणूस दिसेल, वर काईल, त्यात रस उकळतोय, मळी वर येते ती झाऱ्यानं काढत असतात. गुळव्या मधेच थोडा पाक पाण्यात टाकून बोटानं गोळी करून बघतो, ती गोळी कशी होते त्यावरनं काईल उतरायची वेळ त्याला कळते. तिथं नीट विचारलं, "आण्णा, थोडी काकवी मिळंल काय?" तर नाही कुणी म्हणत नाही, पैसे देऊ केले तरी बऱ्याचदा घेत नाहीत, पण विकत गूळ घेऊन या, म्हणजे त्यांचंपण होतं. ताजा गूळ आणि भुईमुगाच्या शेंगा, एवढ्यावर तीस किलोमीटर सहज होतात. फक्त उकळत्या काइलीजवळ पोरांना जाऊ देऊ नका. मिसळ परत आल्यावर, निघायच्या आधी नाही, कट पोटात घेऊन सायकल मारली तर दहाव्या किलोमीटरला जळजळ सुरू.

आणि आता वाडी. चार-पाच रविवार वरचे रूट झाले, सलग तीस-पस्तीस किलोमीटर जमायला लागले की नरसोबावाडी करावी. हायवेनं शिरोली-हातकणंगलेवरनं जाऊ नका, त्यात नदी दिसतच नाही. गांधीनगरवरनं वळिवडे, चिंचवाड, रुकडी, माणगाव, रुई, इचलकरंजी आणि मग कुरुंदवाड रोड. पन्नासेक किलोमीटर धरून चाला. वळिवड्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते १९४८, हजारो बायका-मुलं इथं राहिली, नंतर तिथंच सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. माणगावला मार्च १९२० मधे परिषद झाली, जिथं शाहू महाराजांनी बाबासाहेबांना पुढारी म्हणून सगळ्यांसमोर उभं केलं. ह्या गावांतनं गाडीनं जाताना कुणी थांबत नाही, सायकलवर आपण थांबतो.

इचलकरंजीतनं सकाळी नऊच्या आत बाहेर पडा, नंतर गर्दी वाढते. पुढं कुरुंदवाडपर्यंत रस्ता इतका सपाट की गिअर बदलायची गरज पडत नाही. वाडीला संगमावर घाटावर बसायचं, दर्शन घ्यायचं, कवठाची बर्फी पिशवीत टाकायची. बासुंदी एकच वाटी. पावसाळ्यात हेच देऊळ पाण्याखाली असतं, पादुकांवरनं येणारं पाणी दक्षिण दारानं बाहेर पडतं त्या दक्षिणद्वाराच्या स्नानाला लोक लांबनं येतात, तेव्हा मात्र एसटीनं जावं. पायात अजून जोर असेल आणि मुक्काम करायची तयारी असेल तर कुरुंदवाडवरनं खिद्रापूर गाठा, कृष्णेच्या काठावरचं कोपेश्वराचं देऊळ, त्याचा वरनं उघडा असलेला स्वर्गमंडप दुपारी बाराला बघावा, वरनं ऊन आत उतरलेलं असतं.

परत येतानाच खरी परीक्षा, कारण कोल्हापूर पश्चिमेला आणि वारा पण तिकडनंच. जानेवारीपर्यंत चालून जातं, मार्चनंतर दुपारी वाडीतनं निघालात तर पन्नास किलोमीटर वाऱ्याच्या तोंडात. म्हणून पहाटे उजाडताना निघून साडेनऊला वाडी, साडेदहाला परतीला लागायचं. नाहीच जमलं तर वाडीतनं एखादा छोटा टेम्पो ठरवा, चौघांत मिळून भाडं परवडतं, आणि सायकली उभ्या न ठेवता आडव्या ठेवत असाल तर चेनची बाजू वर येईल अशा ठेवा. घरी आल्यावर कितीपण दमलात तरी टायरला आणि ब्रेकला लागलेला नदीकाठचा चिखल त्याच दिवशी पाण्यानं धुऊन काढा, रात्रभर वाळला की तो सिमेंटसारखा बसतो आणि पुढच्या रविवारी ब्रेक घासायला लागतो.